पायाशी पडलेला माणूस

२००९ सालच्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ मला अजून छळते. रस्त्यात एक सायकलस्वार मोटारीचा धक्का लागून पडला होता. कपाळावरून रक्त वाहत होते. भोवती पाचपंचवीस माणसे जमली होती आणि त्यांत मीही होतो. पंचनामा, साक्ष, कोर्टाच्या तारखा असे सगळे चित्र क्षणात डोळ्यांपुढे उभे राहिले आणि पाय जागच्या जागी खिळले. अखेर एका भाजीवाल्या बाईने डोक्यावरची पाटी खाली ठेवली, पदराने त्याचे कपाळ दाबून धरले आणि माझ्याकडे पाहून ती म्हणाली, “दादा, बघत काय ऱ्हायलात? रिक्षा थांबवा की!” मी रिक्षा थांबवली. माझा पराक्रम एवढाच.

रात्री मनाला विचारले, मी गुन्हा केला का? कायद्याचे उत्तर होते, नाही. १८३७ साली हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा करताना मेकॉलेला हाच प्रश्न पडला होता. पायाशी उपाशी मरणाऱ्याला घास न देणारा श्रीमंत दुष्ट खरा. पण त्याला खुनी म्हणावे काय? कलकत्त्याचा शल्यवैद्य मीरतच्या रोग्यासाठी गेला नाही, तर त्याला शिक्षा करावी काय? सक्ती सुरू केली की रेघ ओढायची कोठे? म्हणून ज्याच्यावर कायद्याने आधीच जबाबदारी आहे, त्यालाच दोषी धरावे, असे त्याने ठरविले. ती संहिता १८६० साली मंजूर झाली. २०२४ साली तिची जागा नव्या संहितेने घेतली. अपघात करणाऱ्या मोटारचालकावर जखमीला उपचार मिळवून देण्याचे बंधन आहे, डॉक्टरवर जीव वाचविण्याचे आहे. वाटसरू मात्र मोकळाच राहिला.

फ्रान्सने १९४५ साली निराळी रेघ ओढली. स्वतःला वा इतरांना धोका नसताना, संकटातल्या माणसाला जो जाणूनबुजून मदत करीत नाही, तो तेथे गुन्हेगार ठरतो. पुरात उडी घ्या, असे तो कायदा म्हणत नाही. काठावरून निदान मदतीची हाक तरी द्या, म्हणतो.

कुणी म्हणेल, शिक्षेच्या धाकाने केलेल्या मदतीत पुण्य कसले? नसेलही. पण जखमीला माझ्या पुण्याशी कर्तव्य नसते. रक्त थांबण्याशी असते.

आपण धाक घालण्याऐवजी भीती काढण्याची वाट धरली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने, रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्यास संरक्षण दिले. त्याच्यावर नावगाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता, झाला संकोच. माझी सबबच कायद्याने काढून घेतली होती. पुन्हा कधी पाय खिळले, तर त्याला पंचनाम्याचे नाव देता येणार नाही.

म्हणून वाटते, आपणही आणखी एक पाऊल पुढे टाकावे. कलकत्त्याच्या वैद्याला मीरतला धाडू नये. पण पायाशी पडलेल्या माणसासाठी एक हाक मारणे, एक रिक्षा थांबवणे, एवढे तरी सर्वांवर बंधनकारक करावे.

त्या बाईला अशा कायद्याची गरज नाही. तो हवा आहे माझ्यासाठी.