ओझामाच्या काठी तीन दिवस

एका शहरासाठी आपल्याकडे तीन दिवस आहेत. शुक्रवारची संध्याकाळ, शनिवार, रविवार आणि सोमवारची सकाळ. शहर आहे सांतो दोमिंगो, डॉमिनिकन रिपब्लिकची राजधानी. अमेरिका खंडांत युरोपीय लोकांनी वसवलेल्या आणि आजही नांदत असलेल्या शहरांत हे सर्वांत जुनं मानतात. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे राहणाऱ्या मराठी घरांना थेट विमानाने इथे यायला साधारण चार तास लागतात. जोडून सुट्टी आली की सहज ठरवता येईल असा हा प्रवास. पण ठरवण्याआधी थोडा वेळ त्याच्याजवळ बसू या. पाठ टेकवा, खांदे सैल सोडा, श्वास आपल्या चालीने येऊ-जाऊ द्या. कुठलीही यादी करायची घाई नाही.

मनात एक नदी आणा. उत्तरेकडून येणारी ओझामा, दक्षिणेला कॅरिबियन समुद्राला मिळणारी. तिच्या मुखाशी, पश्चिम काठावर, एक लहानसा चौकोन आखा. हे जुनं शहर, तिथले लोक त्याला झोना कोलोनियाल म्हणतात. क्षेत्रफळ साधारण एक चौरस किलोमीटर. 1990 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आजची राजधानी या चौकोनाच्या कितीतरी बाहेर पसरली आहे. तिथे मेट्रो आहे, उंच इमारती आहेत, लाखो लोकांचं रोजचं आयुष्य आहे. तीन दिवसांत ते सगळं कवेत घेता येणार नाही, हे आताच मनाशी मान्य करा. चौकोन पुरेसा आहे. मुक्कामही त्याच्या आतच धरा, म्हणजे पायीच सगळीकडे जाता येईल आणि दुपारी उन्हाच्या वेळी खोलीवर परतता येईल.

आता तारीख. ती ठरवताना आधी वाऱ्याचा विचार करा. जून ते नोव्हेंबर हा इथे वादळांचा काळ. 1502 च्या उन्हाळ्यात बंदरातून सुमारे तीस जहाजांचा ताफा स्पेनकडे निघायच्या तयारीत होता. वादळ येतंय, थांबा, असा निरोप खुद्द कोलंबसने किनाऱ्यावर पाठवला होता. इथला स्पॅनिश गव्हर्नर निकोलास दे ओव्हांदो याने तो मानला नाही. ताफा निघाला आणि त्यातली बहुतेक जहाजं बुडाली. शहर तेव्हा नदीच्या पूर्व काठावर होतं, त्याचीही धूळधाण झाली. ओव्हांदोने ते पश्चिम काठावर नव्याने मांडलं, काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांचं. पुढे स्पॅनिश अमेरिकेतल्या कितीतरी शहरांनी हीच आखणी गिरवली. आपण ज्या रस्त्यांवरून चालणार ते एका वादळानंतर आखलेले आहेत, हे मनात असू द्या, आणि फेब्रुवारी निवडा. प्रेसिडेंट्स डेचा सोमवार त्याच महिन्यात येतो. हवा कोरडी असते, उकाडा सोसवतो, आणि कार्निव्हलचे दिवस असतात. व्हिसाचे नियम पासपोर्टप्रमाणे बदलतात, ते आधी ताजे पाहून घ्या. देशात शिरताना लागणारा सरकारी ई-टिकीट फॉर्म ऑनलाइन आणि विनामूल्य भरता येतो. एवढं झालं की कागदपत्रांचा विषय मनातून काढून टाका.

शुक्रवारसाठी काहीही लिहू नका. विमानतळ शहराच्या पूर्वेला आहे, समुद्राच्या कडेकडेने टॅक्सी आत येईल. सामान ठेवा, एल कोंदे या पायी चालायच्या रस्त्यावरून एक फेरी मारा. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे कोल्मादो म्हणतात. तिथे किराणा मिळतो, संगीत चालू असतं आणि बाहेर डॉमिनोचा डाव रंगलेला असतो. पाणी घ्या, उभे राहा, ऐका. पहिल्या संध्याकाळी पाहुण्याचं एवढंच काम.

शनिवारी पहाटे लवकर उठायचं ठरवा. उजेड नुकता पसरलेला, दगड अजून तापलेले नाहीत. आता मनातल्या मनात काये लास दामास या रस्त्यावर उभे राहा. रमतगमत चाललं तरी दहा-एक मिनिटांत संपणारा हा रस्ता नदीला समांतर जातो. कोलंबसचा मुलगा दिएगो 1509 मध्ये गव्हर्नर म्हणून आला, तेव्हा त्याची पत्नी मारिया दे तोलेदो आणि तिच्यासोबतच्या सरदारघराण्यांतल्या स्त्रिया इथे संध्याकाळी फिरायच्या, अशी आठवण सांगतात. दक्षिण टोकाला ओझामाचा किल्ला आहे. त्याच्या आतला उंच चौकोनी मनोरा 1500 च्या दशकातला. उत्तरेकडे चालत गेलात की स्पेनच्या दरबारी कारभाराच्या जुन्या इमारती लागतात, त्यांच्यासमोर 1753 सालचं दगडी सूर्यघड्याळ आहे. पुढे मोकळं पटांगण आणि दिएगोचा वाडा, आल्काझार दे कोलोन.

या रस्त्यावर पाटी वाचा किंवा गाइडचं ऐका, एक गोष्ट सतत कानावर पडेल. युरोपीयांनी नव्या जगात बांधलेला पहिला फरसबंदी रस्ता. पहिला किल्ला. जरा पलीकडे पहिलं कॅथेड्रल, पहिलं हॉस्पिटल, 1538 च्या पोपच्या आज्ञापत्राने स्थापन झालेलं पहिलं विद्यापीठ. ऐकताना मन भारावतं, आणि भारावणं खोटं नाही. ज्यांनी हे दगड रचले त्यांचं कौशल्य खरंच मोठं आहे. पण प्रत्येक पहिल्या गोष्टीपाशी एक श्वास थांबायचं आजच ठरवून ठेवा. थांबून एवढंच विचारा: याच्या आधी इथे कोण होतं, आणि हे कुणाच्या हातांनी उभं राहिलं?

हा प्रश्न घेऊन हॉस्पिटलच्या अवशेषांकडे या. सान निकोलास दे बारी. ओव्हांदोने 1503 मध्ये सुरू केलेलं. आज विटांच्या कमानी उभ्या आहेत, छप्पर नाही, आत कबुतरं आहेत. जुनी हकीकत अशी, की या जागी आधी एका काळ्या स्त्रीची झोपडी होती. आजारी, निराधार माणसांना ती आपल्या घरी आणून त्यांची सेवा करायची. तिच्या कामाच्या जागेवर हॉस्पिटल उभं राहिलं. संस्थापक म्हणून ओव्हांदोचं नाव इतिहासात राहिलं, तिचं नाव राहिलं नाही. इथे घाई करू नका. दहा मिनिटं बसायला जागा शोधा. जिच्या नावाची नोंद नाही, तिच्या हातांची कल्पना करा. पाणी देणारे हात, जखम धुणारे हात. एवढं केलंत तर शनिवारची सकाळ पूर्ण झाली.

दुपारी जेवायला बसाल तेव्हा केळ्यांचा मांगू मागवा. कच्ची केळी उकडून, कुस्करून, वर परतलेला कांदा. शाकाहारी माणसाला भात, घेवड्याची उसळ आणि तळलेल्या केळ्याच्या चकत्यांवर इथे पोटभर जेवता येतं. आणि कासाबे कुठे मिळतो ते विचारा. कासावाचा कंद किसून, त्यातलं विषारी पाणी पिळून काढून, मोठ्या तव्यावर भाजलेली ही कोरडी भाकर. युरोपीय येण्याआधी या बेटावर राहणारे ताइनो लोक ती करायचे. 2024 मध्ये युनेस्कोने या परंपरेची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली.

पहिला घास तोंडात असताना आपल्या एकादशीच्या ताटाची आठवण येऊ द्या. साबुदाणा होतो तो याच कासावाच्या कंदापासून. ताइनोंच्या शेतात कासावाबरोबर शेंगदाणे होते, मिरची होती. मिरचीची नोंद कोलंबसने जानेवारी 1493 मध्ये याच बेटावर केली. ही पिकं पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे आली. म्हणजे आपण जो उपवास सोवळ्याने पाळतो, तोही ज्या मंडळींच्या शेतीवर उभा आहे त्यांच्यातली बहुसंख्य माणसं युरोपीय आल्यानंतर काही दशकांत मरून गेली. सोन्याच्या खाणीतली सक्ती, उपासमार, बाहेरून आलेले रोग. हा घास सावकाश चावा. आपण त्यांचे ऋणी आहोत, असं मनात स्पष्ट म्हणा.

रविवार कॅथेड्रलसाठी ठेवा. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे बॅगेत घ्या. प्रवाळी चुनखडीची सोनेरी भिंत, आत गॉथिक कमानी. बांधकाम 1540 च्या सुमारास पूर्ण झालं. 1586 मध्ये इंग्रज फ्रान्सिस ड्रेकने शहर लुटलं, तेव्हा त्याने याच इमारतीत तळ ठोकला होता, आणि पंचवीस हजार डुकॅट खंडणी घेऊनच तो गेला. जुन्या गोव्यात फिरलेल्या माणसाला या दगडांचा स्वभाव ओळखीचा वाटेल. योगायोग पाहा: पोर्तुगीज आल्बुकर्कने गोवा घेतलं ते 1510 चं वर्ष, आणि डोमिनिकन पंथाचे पहिले साधू या बेटावर उतरले तेही 1510 मध्येच.

त्या साधूंसाठी रविवारचा उरलेला वेळ द्या. त्यांच्या मठाची वास्तू कॅथेड्रलपासून चालत काही मिनिटांवर आहे. ती नंतर बांधलेली. 1511 मध्ये त्यांचं चर्च गवताने शाकारलेलं होतं. आता डोळे मिटा आणि त्या डिसेंबरातला एक रविवार डोळ्यांसमोर आणा, नाताळच्या आधीचा. दिएगो कोलंबस समोर बसला आहे. जमीनदार, अधिकारी, त्यांच्या बायका. आंतोनिओ दे मोंतेसिनोस नावाचा साधू प्रवचनाला उभा राहतो. मजकूर सगळ्या साधूंनी मिळून ठरवलेला आहे. तो समोरच्यांना सरळ विचारतो: या लोकांना तुम्ही कोणत्या हक्काने गुलाम केलंत? त्यांना उपाशी, आजारी ठेवून मरेपर्यंत राबवता, ती माणसं नाहीत का?

श्रोते खवळले. प्रवचन मागे घ्या, असा दबाव आला. पुढच्या रविवारी मोंतेसिनोस पुन्हा उभा राहिला आणि तेच अधिक ठामपणे बोलला. 1512 मध्ये स्पेनमध्ये बुर्गोसचे कायदे झाले. त्यांत थोडी कणव होती, पण सक्तीची मजुरी तशीच राहिली.

हे प्रवचन आपल्यापर्यंत पोहोचलं ते बार्तोलोमे दे लास कासास याच्या लेखणीतून. तोही 1502 मध्ये ओव्हांदोच्या ताफ्यातून आलेला वसाहतवालाच. त्याच्याकडेही ताइनो मजूर होते. मोंतेसिनोसच्या प्रश्नानंतर जवळपास तीन वर्षांनी, 1514 मध्ये, त्याने आपल्या ताब्यातली माणसं सोडली आणि उरलेलं आयुष्य त्यांच्या बाजूने लढण्यात घालवलं. त्याचीही दृष्टी पुरी स्वच्छ नव्हती. ताइनोंचे हाल थांबावेत म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणावेत, असं त्याने सुचवलं. तेही तितकंच अन्यायाचं आहे हे त्याला पुढे कळलं आणि त्याने लिहून पश्चात्ताप केला. ज्यांनी अन्याय भोगला ते मात्र कुणाच्या प्रवचनाची वाट पाहत थांबले नव्हते. 1519 पासून एन्रिकीयो हा ताइनो सरदार डोंगरांत लढत होता, आणि 1533 मध्ये स्पेनला त्याच्याशी तह करावा लागला. 1521 च्या नाताळात दिएगो कोलंबसच्या उसाच्या मळ्यावर आफ्रिकी गुलामांनी बंड केलं. ते चिरडलं गेलं, पण अमेरिका खंडांतल्या गुलामांच्या उठावांत त्याचं स्थान अगदी आरंभीचं आहे.

रविवारी मठाच्या बाहेर एखाद्या बाकावर बसाल, तेव्हा हे सगळे आवाज एकत्र ऐका. कुणा एकाला नायक करून बाकीच्यांना विसरायचा मोह होईल. तो येऊ द्या आणि जाऊ द्या. मग एक प्रश्न स्वतःकडे वळवा. आज आपल्या सोयीसाठी कोण राबतंय, ज्याच्याकडे पाहायचं आपण टाळतो? हॉटेलच्या खोलीतली चादर बदलणाऱ्या बाईपासून सुरुवात करता येईल. तिच्याशी नजर मिळवून बोलणं आणि जाताना टीप ठेवणं हाही या मननाचा भाग आहे.

काय सोडायचं तेही ठरवा. पूर्व काठावरचं कोलंबसचं प्रचंड क्रॉसाकृती स्मारक, 1992 सालचं. जवळचे लोस त्रेस ओहोस नावाच्या गुहांतले तलाव. पुन्ता कानाचे किनारे. हे सगळं तीन दिवसांत कोंबता येईल, पण मग एकाही ठिकाणी बसता येणार नाही. एकच अपवाद करावासा वाटतो. शनिवारी दुपारी शक्ती उरली तर डॉमिनिकन प्रतिकाराच्या स्मृती-संग्रहालयात जा. त्रुहियोच्या हुकूमशाहीत, 1936 पासून 1961 पर्यंत, या शहराला त्याचंच नाव दिलेलं होतं. त्याला विरोध करणाऱ्या मिराबाल भगिनींना त्याच्या माणसांनी 25 नोव्हेंबर 1960 रोजी मारलं, आणि तीच तारीख आज जगभर स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा दिवस म्हणून पाळली जाते. मोंतेसिनोसचा प्रश्न या शहरात एकदाच विचारला गेला नाही, हे तिथे कळतं. जायचं तर शनिवारीच, कारण सोमवारी इथली बरीच संग्रहालयं बंद असतात.

सोमवारच्या सकाळी समुद्रकाठच्या रस्त्यावर मोंतेसिनोसच्या पुतळ्यापाशी चालत जा. मेक्सिकोने 1982 मध्ये दिलेला हा भव्य पुतळा तोंडाशी हात नेऊन समुद्राकडे ओरडताना घडवला आहे. त्यानंतर विमानाच्या वेळेपर्यंत काहीही ठरवू नका. तो प्रश्न ऐकून लास कासासला बदलायला जवळपास तीन वर्षं लागली. आपल्याला तीन दिवसांत बदलायची सक्ती नाही. फक्त प्रश्न नीट ऐकू यावा एवढी रिकामी जागा आपल्या कार्यक्रमात असावी. तीन दिवसांसाठी तीन ठिकाणं लिहा, हॉस्पिटल, मठ आणि पुतळा. बाकीच्या ओळी कोऱ्या ठेवा, आणि तिकीट काढा.