उसन्या खेळाचा हिशेब

चोरी कशाला म्हणावे, हा प्रश्न जुनाच. पण मूळ वस्तू मालकाकडे जशीच्या तशी राहते आणि घेणाऱ्याला तिची प्रत फुकट मिळते, अशा व्यवहाराला काय म्हणायचे? नवी पेठेतल्या दुकानांवरून जाताना हा विचार आमच्या मनात हमखास येतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या मोहल्ल्यांतून घरोघरी संगणक आले. त्यांतल्या किती घरांनी विंडोजचे पैसे मोजले? संगणक जोडून देणारा माणूसच ती 'टाकून' देत असे. सोबत मुलांसाठी 'व्हाइस सिटी' किंवा 'सॅन अँड्रियास' हा खेळही. व्याजाचा रुपया घरात येऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपणारी माणसे याबाबतीत मात्र अगदी निर्धास्त असतात.

फिक्हने हा प्रश्न हाताळलेला नाही, असे कुणी समजू नये. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ साली कुवेतच्या अधिवेशनात लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरील हक्क शरीअतला मान्य असल्याचे व त्यांच्यावर अतिक्रमण करता येत नसल्याचे स्पष्ट केले. यावर आपल्याकडचे नेहमीचे उत्तर असे, की कंपनी अब्जाधीश, तिचे काय बिघडते! सोलापूरकराने तरी हे म्हणू नये. दुसरीकडे विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून बाजारात विकली जाते तेव्हा आपल्या यंत्रमागावरून सूत कुणी उचलून नेलेले नसते, तरी आपल्याला लुटल्यासारखे वाटते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले ते याच न्यायाने. नावाला आणि कसबाला किंमत असते, हे आपण चादरीपुरते मानतो.

पण नुसते 'हराम आहे' म्हणून हात झटकणे आम्हाला पटत नाही. उपाशी माणसाला चोरी करू नको म्हणताना भाकरी कुठे मिळेल तेही सांगावे लागते. इथे भाकरी आहे, आणि फुकट आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लोकांपुढे ठेवले. हे सॉफ्टवेअर कुणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे आणि शेजाऱ्याला प्रत काढून द्यावी. अशी प्रत देणे चोरी नाहीच, उलट ती देणाऱ्याची दानतच म्हणावी.

मग लोक तिकडे का गेले नाहीत? कारण माणूस यंत्रासाठी यंत्र घेत नाही, त्यावर जे चालते त्यासाठी घेतो. उर्दू छापखान्यांचे उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर आहे. नस्तालीक लिपीत मजकूर जुळवायला 'इनपेज' हवे, आणि इनपेज विंडोजवर चालणार. झाले, सगळा छापखाना विंडोजला बांधला गेला. जे कातिबाचे इनपेजमुळे झाले तेच नववीतल्या पोराचे खेळामुळे. 'सुपरटक्सकार्ट' किंवा 'झिरो ए.डी.' यांसारखे मुक्त खेळ लिनक्सवर आहेत, चांगलेही आहेत. पण गल्लीतली पोरे ज्यावर बोलतात तो खेळ वेगळाच असतो. शेकडो कोटी रुपये खर्चून बनवलेला तो खेळ लिनक्सचे नावही घेत नसे.

ते आणण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेतील लोकी नावाच्या छोट्या कंपनीने १९९८ पासून एकेक खेळ मूळ कंपनीकडून रीतसर हक्क घेऊन लिनक्ससाठी नव्याने जुळवला. १९९९ चा 'सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर' हा त्यांतला पहिला. मेहनत प्रचंड, गिऱ्हाईक मोजके. २००२ मध्ये कंपनी बंद पडली. दुसरी वाट दुभाष्याची होती. १९९३ मध्ये सुरू झालेला 'वाइन' हा प्रकल्प खेळाला हात लावत नाही. खेळ विंडोजला जी हाक मारतो ती मधल्यामध्ये झेलून लिनक्सला समजेल अशी करून देतो. वॉल्व्ह या कंपनीने त्यावरच 'प्रोटॉन' उभे केले आणि २०१८ मध्ये आपल्या 'स्टीम' या खेळांच्या दुकानात बसवले. २०२२ मध्ये हातात धरून खेळायचे 'स्टीम डेक' हे लिनक्सवरचे यंत्र काढले. हजारो खेळ अशा रीतीने चालू लागले, तेही बनवणाऱ्याने लिनक्ससाठी एक ओळ न लिहिता. २०२५ च्या अखेरीस स्टीमवर खेळणाऱ्यांत लिनक्सवाले तीन टक्क्यांच्या जरा वर गेले होते. आकडा छोटा दिसतो. पण घरी दखनी, वर्गात उर्दू आणि बाजारात मराठी बोलणारे आपण, दुभाष्याची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको.

स्टॉलमन यांनी २०१२ मध्येच यावर आपले मत लिहून ठेवले. बंदिस्त खेळ माणसाचे स्वातंत्र्य हिरावतो, म्हणून तो कुठेही अयोग्यच. पण खेळणारा तो खेळणारच असेल तर विंडोजपेक्षा लिनक्सवर खेळलेला बरा, असा त्यांचा सूर. धोका हा, की लिनक्स म्हणजे फुकट खेळायची सोय एवढेच लोक शिकतील. हा धोका आम्हालाही दिसतो. तरी आमचा कौल खेळ येऊ देण्याच्या बाजूने आहे. ज्या घरात विंडोज चोरीची आणि खेळही चोरीचा होता, तिथे यंत्रणा हलाल झाली आणि सवलतीच्या दिवसांत थोड्या पैशांत खेळही रीतसर घेता आला, तर ही लहान गोष्ट नाही. पूर्ण स्वातंत्र्य मिळेपर्यंत पोराने चोरीच करत राहावे, असे कोणता बाप म्हणेल?

मात्र 'घेता आला' या शब्दाचा हिशेब मांडायला हवा. आपल्याकडे बैअ वेगळा, इजारा वेगळा. विकलेली वस्तू घेणाऱ्याच्या मिल्कियतीत जाते, भाड्याची जात नाही. स्टीमवर पैसे भरून मिळतो तो परवाना. कंपनी हे २०२४ पासून पैसे भरतानाच स्पष्ट लिहू लागली, आणि तेही कॅलिफोर्नियात तसा कायदा झाल्यावर. हा खेळ भावाच्या नावावर करता येत नाही, जुना झाल्यावर विकता येत नाही. भाडे हराम नाही. पण भाड्याला विक्री म्हणणे हा सौद्यातला खोटेपणा आहे, आणि तो लिनक्सवर आला म्हणून धुतला जात नाही.

त्याहून नाजूक बाब आहे लबाडी पकडणाऱ्या पहारेकऱ्यांची. जोडीने खेळायच्या बऱ्याच खेळांत आता असा पहारेकरी येतो, आणि काहींना थेट संगणकाच्या गाभ्यात बसायचे असते. लिनक्सवर गाभ्याची किल्ली घरधन्याकडे असते, म्हणून काही कंपन्यांना ते घरच नको वाटते. सप्टेंबर २०२४ मध्ये 'जीटीए ऑनलाइन'मध्ये 'बॅटलआय' हा पहारेकरी आला. तो प्रोटॉनसोबत काम करू शकतो, पण खेळाच्या कंपनीने तशी परवानगी द्यावी लागते. तिने दिली नाही. आदल्या दिवसापर्यंत लिनक्सवर खेळणारे एका रात्रीत बाहेर पडले. गोष्टीचा भाग एकट्याने खेळता येतो, मित्रांसोबतचे दार बंद. पाहुण्याला घरात घ्यावे, जेवू घालावे. पण तो तिजोरीची किल्ली मागू लागला तर त्याला दारातूनच सलाम करावा, असे आमचे मत.

पोरांना ते पटत नाही. आमच्या ओळखीच्या काही घरांत आता एकाच संगणकावर दोन्ही नांदतात : अभ्यासाला आणि एकट्याच्या खेळाला लिनक्स, शुक्रवारी दोस्तांसोबत खेळायला विंडोज. ती विंडोज विकत घेतलेली आहे का, हे विचारायचे आम्ही अजून सोडलेले नाही.