पडद्यावरचे इच्छामरण आणि म्हाताऱ्यांचा होकार

म्हाताऱ्या आईबापांना डोंगरावर नेऊन सोडण्याची ‘उबासुते’ ही दंतकथा जपानमध्ये फार जुनी आहे. अशी चाल खरोखर रूढ होती, याला भक्कम पुरावा नाही. तरीही शिचिरो फुकाझावा यांच्या १९५६ च्या कथेने ती आधुनिक जपानच्या मनात पक्की बसवली. त्या कथेवर ‘द बॅलड ऑफ नारायामा’ नावाचे दोन चित्रपट निघाले: १९५८ साली केइसुके किनोशिता यांचा आणि १९८३ साली शोहेई इमामुरा यांचा. इमामुरांच्या चित्रपटाला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

गावात खाणारी तोंडे जास्त आणि धान्य कमी, म्हणून सत्तरी आली की नारायामा डोंगरावर जायचे, असा तिथला रिवाज. ओरिन ६९ वर्षांची आहे, धडधाकट आहे आणि तिचे दात शाबूत आहेत. या वयात असे दात म्हणजे घरच्यांच्या ताटातला घास ओढणे, ही तिला लाज वाटते. एके दिवशी ती दगडावर तोंड आपटून दात पाडून घेते. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो इथे. पुढे मुलाच्या पाठीवर बसून ती डोंगर चढते तेव्हा तिच्या शांतपणाबद्दल आदरच वाटू लागतो. शेजारचा म्हातारा मात्र जायला तयार नसतो, आणि त्याचा मुलगा त्याला कड्यावरून ढकलून देतो. एक मरण मंगल वाटते, दुसरे खुनासारखे. फरक फक्त होकाराचा आहे. पण ज्या गावाने ओरिनला स्वतःच्या दातांची लाज वाटायला लावली, त्या गावात तिच्या होकाराला कितपत मोकळेपणा होता? वृद्धांच्या इच्छामरणावरच्या चित्रपटांपैकी जे मनात टिकतात, ते प्रेक्षकाला याच प्रश्नापाशी आणून सोडतात.

चिए हायाकावा यांच्या ‘प्लॅन ७५’ (२०२२) मध्ये हा डोंगर सरकारी कचेरीत येतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या कोणाही नागरिकाला मरण निवडता येईल, खर्च सरकारचा, शिवाय मनाला येईल तसे खर्च करायला एक लाख येन. सुरुवातीला एक तरुण बंदूक घेऊन वृद्धाश्रमात शिरतो. हे दृश्य पाहताना जपानी प्रेक्षकाला २०१६ ची सागामिहारा येथील घटना आठवल्यावाचून राहत नाही. तिथे अपंगांच्या निवासगृहात १९ जणांना ठार मारण्यात आले होते आणि मारणाऱ्याने त्यांना समाजावरचा बोजा ठरवले होते. चित्रपटातले सरकार तेच काम नम्रपणे, अर्ज भरून घेऊन करते.

मिची ७८ वर्षांची. हॉटेलात खोल्या साफ करते. तिच्याच वयाची एक सोबतीण कामावर कोसळते आणि सगळ्या म्हाताऱ्या बायकांना घरी बसवले जाते. राहती इमारत पाडायची असते, दुसरी जागा भाड्याने मिळत नाही. ज्या दिवशी ती अर्ज करते, त्या दिवशी तिला आजार काही नसतो. काम नसते, घर नसते आणि विचारपूस करणारे कोणी नसते. योजनेतर्फे तिच्याशी फोनवर बोलायला एक मुलगी नेमलेली आहे, एका वेळी पंधरा मिनिटे. मुलगी मनापासून बोलते. इतक्या दिवसांनी कोणी तरी आपले बोलणे ऐकते, म्हणून मिची त्या फोनची वाट पाहू लागते, आणि हा जिव्हाळा तिला मरणाकडे नेणाऱ्या व्यवस्थेचाच भाग असतो. चित्रपटात दुष्ट असे कोणी नाही. त्यामुळेच तो पाहताना राग काढायला जागा सापडत नाही आणि अस्वस्थता घरी बरोबर येते.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट पडद्याबाहेरची आहे. चित्रपटाच्या तयारीत हायाकावा वयस्क स्त्रियांशी बोलल्या, तेव्हा अशी योजना असेल तर बरेच होईल, असे म्हणणाऱ्या त्यांना अनेक जणी भेटल्या. कोणाला आपला त्रास नको, हे त्यामागचे कारण. ओरिनची लाज त्यांच्यापर्यंत पोचलेली होती.

मिखाएल हानेके यांच्या ‘आमूर’ (२०१२) मध्ये गावही नाही आणि सरकारही नाही. पॅरिसमधले एक घर आणि त्यात ऐंशीच्या घरातले दोन संगीतशिक्षक. पक्षाघातानंतर आन झिजत जाते. आपल्याला पुन्हा इस्पितळात नेऊ नकोस, असे वचन तिने नवऱ्याकडून घेतलेले असते. शेवटी तोच उशीने तिचा श्वास थांबवतो. इथे प्रेक्षकांचे दोन तट पडतात. काहींना ती प्रेमाची परिसीमा वाटते, काहींना थकलेल्या माणसाने केलेली हत्या. आनला जगायचे नाही, हे ती बोलता येत असताना सांगते. त्या क्षणी मात्र तिला कोणी विचारत नाही. हानेके निवाडा देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

भारतात हा विषय तमिळ चित्रपटांनी सर्वांत धीटपणे हाताळला. दक्षिण तमिळनाडूच्या काही भागांत ‘तलैकूत्तल’ नावाची चाल आहे: अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला पहाटे डोक्यावरून तेलाने न्हाऊ घालायचे आणि शहाळ्याचे पाणी भरपूर पाजायचे, म्हणजे तो एक-दोन दिवसांत जातो. प्रिया कृष्णस्वामी यांच्या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त ‘बारम’ या चित्रपटाचे नावच ‘ओझे’ असे आहे. त्यात कंबरेचे हाड मोडलेल्या रखवालदाराला मुलगा उपचाराऐवजी गावी घेऊन जातो. मधुमिता यांच्या ‘केडी’ (२०१९) मध्ये ऐंशीचा म्हातारा शुद्धीवर येतो, घरच्यांचा बेत ऐकतो आणि पळ काढतो. पुढे एका पोरक्या मुलाबरोबर तो बिर्याणी खात आपल्या राहिलेल्या इच्छा पुऱ्या करत हिंडतो. प्रेक्षक मनमुराद हसतात आणि त्याच्या बाजूचे होऊन जातात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेला हक्क या सगळ्यांपेक्षा पुष्कळ मर्यादित आहे. बरे होण्याची आशा नसताना यंत्रांच्या आधारे जगवू नये, एवढे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. कागदावर सही स्वेच्छेने झाली का, हे कायद्याला तपासता येते. ती स्वेच्छा कशी घडत गेली, हे मिचीच्या रिकाम्या खोलीत दिसते.