अख्खा वर्ग पाच उत्तरांत

बसा खाली. काल रात्री तुमचे सगळे कागद वाचले, एकेक करून. बारावीनंतर काय करणार, एवढंच विचारलं होतं. अख्खा वर्ग पाच उत्तरांत संपला. कम्प्युटर इंजिनीअर, डॉक्टर, सीए, एमबीए आणि 'अजून ठरलं नाही'. शेवटचं उत्तर देणारे निदान खरं बोलतायत असं मला वाटलं. म्हणून त्यांतल्या एकाला सकाळी व्हरांड्यात थांबवून विचारलं, का रे ठरलं नाही? तर म्हणतो, "मॅडम, माझी आवड अजून सापडली नाही."

कुठे शोधलीस? जे काम कधी डोळ्यांनी पाहिलं नाहीस, ज्याला हात लावला नाहीस, जे करणाऱ्या माणसाशी चार शब्द बोलला नाहीस, त्याची आवड तुला गादीवर पडल्या पडल्या लागणार आहे का? न चाखलेल्या भाजीला नाक मुरडायचं आणि वर म्हणायचं, मला भूकच नाही!

तुमच्यातले निम्मे रोज डोंबिवलीहून ठाण्याला क्लासला जाता. ती गाडी कोण चालवतं, तो माणूस या कामावर कसा पोचला, हे एकाच्या तरी मनात आलं? मी हे विचारल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी "ड्रायव्हर!" म्हणून हसलं. कोण ते मला ठाऊक आहे, नाव घेत नाही. पण आता नीट ऐक.

सुरेखा यादव. सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. त्यांना व्हायचं होतं शिक्षिका. गणितात पदवी, मग बीएड, असा सरळ बेत होता. मधेच रेल्वेच्या भरतीचा अर्ज भरला आणि 1986 मध्ये निवड झाली. त्यांचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण कुठे झालं? कल्याणला. तुमच्या घरापासून दोन स्टेशनांवर. 1989 मध्ये त्या सहायक चालक झाल्या. पुढे वाडीबंदर ते कल्याण मालगाडी चालवली, घाटातली गाडी चालवली, 2000 मध्ये महिला स्पेशल लोकल चालवली. 8 मार्च 2011 ला पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन आणली. 13 मार्च 2023 ला सोलापूरहून वंदे भारत. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, आणि 2025 मध्ये त्या निवृत्त झाल्या. मधल्या काळात कल्याणच्याच चालक प्रशिक्षण केंद्रात त्या नव्या चालकांना शिकवतही होत्या. शिक्षिका व्हायचं होतं ना? तेही झाल्या.

यातलं काय लक्षात आलं? त्या इंजिनाचं वेड घेऊन निघाल्या नव्हत्या. समोर आलेलं अनोळखी काम त्यांनी हसून बाजूला सारलं नाही, एवढंच. गोडी कामात उतरल्यावर लागते, आणि तीही हात बसल्यावर. मी इतकी वर्षं शिकवतेय. पहिल्या वर्षी मला हे काम अजिबात आवडलं नव्हतं.

आणि हे काम सोपं समजू नका. रात्रपाळी, सणासुदीला ड्यूटी, एक सिग्नल चुकला तर मागे बसलेल्या हजारोंच्या जिवाशी गाठ. भरतीला आयटीआय किंवा डिप्लोमा लागतो, परीक्षा पास व्हावी लागते, आणि दूरची नजर चष्म्याशिवाय 6/6 लागते. हसणाऱ्याने आधी स्वतःचे डोळे तपासून यावेत.

आता आपल्या डोंबिवलीच्या एमआयडीसीतले कारखाने घ्या. 2016 च्या मे महिन्यात तिथे स्फोट झाला. 2024 च्या मे महिन्यात पुन्हा झाला. तुमच्यातल्या कितीजणांच्या घरच्या काचा हादरल्या? तुम्ही काय केलंत? व्हिडिओ पाठवलेत. कारखान्यात सुरक्षा अधिकारी नावाचं पद असतं, त्यासाठी औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा असतो, तो आपल्या शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेतही शिकवतात. बॉयलर चालवणाऱ्याला राज्याच्या बाष्पके संचालनालयाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. ज्या गावात कारखान्याच्या धुराचा वास घेत तुम्ही मोठे झालात, त्या गावातल्या एकाही मुलाच्या कागदावर हे काम नाही. याचा मला राग आहे, आणि त्याहून जास्त वाईट वाटतं.

खाडीचंही तेच. ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये रामसर यादीत गेली. ऐरोली पुलावरून जाताना गुलाबी थवे दिसले की तुम्ही फोन काढता. ते पक्षी मोजतं कोण, चिखल तपासतं कोण, वन विभागाचा कांदळवन कक्ष काय करतो, हे विचारायला तोंड उघडत नाही.

आता तुमच्या आईवडिलांसाठी. पालकसभेत दरवेळी ऐकते, "मॅडम, असलं आमच्यात कुणी केलेलं नाही." बरोबर. 1865 मध्ये कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशींच्या घरात तरी बाईने डॉक्टर होणं कुणी केलं होतं? नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, आणि ही मुलगी समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला गेली, 1886 मध्ये डॉक्टरकीची पदवी घेतली. लोकांनी नावं ठेवली. बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच ती गेली. आज मुलीच्या कागदावर 'डॉक्टर' लिहून तुम्ही निश्चिंत होता, ते उत्तर त्या काळी या कल्याणात सगळ्यांत वेडं उत्तर होतं. पगाराची काळजी करा, जरूर करा. मुलाला सांगा, ज्याला भेटशील त्याला पगार विचार, पाळी विचार, पाठ दुखते का तेही विचार. पण माहिती न काढता नाही म्हणू नका.

ज्याने विचार करून कम्प्युटर इंजिनीअर लिहिलं असेल, त्याच्याशी माझं भांडण नाही. शेजारच्याचं बघून ज्यांनी लिहिलं, त्यांच्याशी आहे. अक्षर बघितलं की मला कळतं कोणी कोणाचं बघितलं.

तेव्हा कागद परत घ्या. सोमवारपर्यंत प्रत्येकाने एका अशा माणसाला भेटायचं, ज्याचं काम तुमच्या नातेवाइकांत कुणीही करत नाही. निदान एक तास त्याच्याजवळ बसायचं. दिवस कसा सुरू होतो, काय शिकावं लागलं, कशाने कंटाळा येतो, कशाने बरं वाटतं, हे विचारून दोन पानं लिहून आणायची. मोबाईलवरून उतरवलेलं चालणार नाही. आणि 'ड्रायव्हर' म्हणून हसणाऱ्या, तू कल्याण स्टेशनवर जायचंस. ड्यूटी संपवून उतरलेल्या मोटरमनला गाठ, आधी नमस्कार कर, मग विचार.