निषेध लिहिला, पुढे काय?

अन्यायाविरुद्धचा मजकूर फेसबुकवर दिसला की आम्ही त्याला लाइक करतो, दहा जणांना पाठवतो आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात झोपी जातो. या समाधानाबद्दलच आम्हाला शंका आहे.

समाजमाध्यमांत ताकद नाही, असे नाही. जून २०१० मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रियात खालिद सईद हा तरुण पोलिसांच्या मारहाणीत मरण पावला. ‘आम्ही सारे खालिद सईद’ हे पान फेसबुकवर निघाले आणि लाखो माणसे जोडली गेली. आपण एकटे नाही, हे भेदरलेल्या माणसाला तिथे कळले. २५ जानेवारी २०११ रोजी रस्त्यावर उतरण्याची हाक त्याच पानाने दिली. २८ तारखेला सरकारने इंटरनेट बंद केले, तरी जुम्माच्या नमाजनंतर लोंढे बाहेर पडलेच. ११ फेब्रुवारीला होस्नी मुबारक पायउतार झाले. पण चौक भरणाऱ्यांजवळ गावोगावी पाय रोवलेली संघटना नव्हती. ती होती मुस्लिम ब्रदरहुडकडे आणि लष्कराकडे. निवडणूक पहिल्याने जिंकली, २०१३ मध्ये सत्ता दुसऱ्याने घेतली.

आपल्याकडचे उदाहरण नेमके उलटे आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत विधानभवनावर मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद व्हावे, ही मागणी. स्त्रिया किती? अवघ्या सात! पण मोर्चा संपल्यावर त्यांना आपल्याच माणसांत परत जायचे होते. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. पुढे शाहबानोपासून शायरा बानोपर्यंत अनेक जणी स्वतःच्या नावानिशी कोर्टाची पायरी चढल्या. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला. मध्ये एक्कावन्न वर्षे गेली.

आता आमचे सांगतो. आमच्या जमातीतल्या एका मुलीला नवऱ्याने फोनवरून तलाक दिला. रात्रभर निषेधाचे संदेश फिरले. आम्हीही चार कडक ओळी लिहिल्या. जमातीची बैठक बसली तेव्हा तिच्या बाजूने बोलायला तिचे म्हातारे वडील तेवढे उभे राहिले. कडक ओळी लिहिणारे आम्ही मागच्या रांगेत खाली मान घालून बसलो होतो.

फोनने आम्हाला बातमी दिली, शब्द दिले, सोबतीही दिले. उठून उभे राहण्याचे काम त्याचे नव्हते, आमचे होते. समाज बदलेल की नाही, हे पुढे पाहू. पुढच्या बैठकीत आम्ही तोंड उघडणार आहोत का?