गरिबाच्या आजारावर औषध कोण शोधणार?



डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की आपण दुकानातून औषध आणतो. ते मुळात कोणासाठी शोधले गेले, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही.

आफ्रिकेतील खेड्यापाड्यांत त्सेत्से माशीच्या चाव्यातून निद्रारोग होतो. रोगजंतू मेंदूत शिरले की रुग्णाला भ्रम होतो, रात्रंदिवस झोपेची गुंगी राहते आणि उपचार न झाल्यास मरण जवळजवळ ठरलेलेच. अनेक वर्षे यावर सोमलापासून बनवलेले एक जहाल इंजेक्शन देत. १०० पैकी सुमारे ५ रुग्ण त्या औषधानेच दगावत.

पुढे मूळ कॅन्सरसाठी तयार केलेले एफ्लॉर्निथिन या रोगावर गुणकारी ठरले. १९९० साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. बेशुद्ध रुग्ण उठून बसत, म्हणून त्याला 'पुनरुत्थानाचे औषध' असे नाव पडले. पण ज्यांना त्याची गरज होती त्यांच्या खिशात पैसा नव्हता. काही वर्षांतच उत्पादन थांबले. नंतर २००० साली तेच द्रव्य पुन्हा बाजारात आले, ते स्त्रियांच्या चेहऱ्यावरील नकोसे केस कमी करणाऱ्या मलमात! डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या संस्थेने आवाज उठवला. जागतिक आरोग्य संघटनेने बोलणी केली. २००१ साली अव्हेंटिस कंपनीने हे औषध मोफत पुरविण्याचे मान्य केले.

यात दोष कोणाचा? मलम वापरणाऱ्या स्त्रीचा नक्कीच नाही. कंपनीही म्हणेल, तोट्यात धंदा कसा करायचा? कोणी कोणाला मारले नाही, तरी माणसे मेली. श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांचा दाखला आठवा. त्या श्रीमंताने लाजरला मारहाण केली नव्हती. तो दाराशी पडला होता आणि याला तो दिसलाच नाही. बाजाराचेही तसेच आहे. त्याला मागणी ऐकू येते, गरज ऐकू येत नाही. १९७५ ते १९९९ या काळात १३९३ नवी औषधे आली. त्यांतली उष्ण कटिबंधातील रोग आणि क्षयरोग यांच्यासाठी होती फक्त १६.

पण हे बदलू शकते. २००३ साली अशा दुर्लक्षित रोगांच्या औषधांसाठी एक ना-नफा संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांत आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही आहे. या संस्थेने पूर्वी बाजूला टाकलेले फेक्सिनिडाझोल हे औषध पुन्हा हाती घेतले. २०१८ साली निद्रारोगावरील दहा दिवसांच्या साध्या गोळ्यांना मंजुरी मिळाली. औषध आधीपासून होतेच, ते शोधायला कोणीतरी हवे होते.

सरकारी संशोधन आपल्या करातून चालते. मते मागायला उमेदवार दारी येतात तेव्हा आपण रस्ते आणि पाणी मागतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर हेही विचारू या: ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याच्या आजारावर औषध शोधण्यासाठी तुम्ही किती निधी ठेवणार?