शंकासमाधान : सभेत तोंड उघडायचं कसं?

शंका : आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना पूर्वी कुष्ठरोग झाला होता. औषधं पूर्ण झाली, दवाखान्याचा कागद मी पाहिलाय. पण त्यांची करंगळी वाकडी राहिली. पोळी लाटताना ती कुणाच्या तरी नजरेस आली आणि सोसायटीच्या सभेत ‘या बाईंना गेटच्या आत घेऊ नका’ असं ठरलं. मी गप्प बसले. शिरढोणला मुलांना क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव दाखवायला नेणारी मी, रोज गीता वाचणारी मी! मग हे वाचन कशासाठी?
– एक वाचक, नवीन पनवेल

समाधान : ताई, फडक्यांना यातून आधी मोकळं करा. १८८३ साली एडनच्या तुरुंगात देह ठेवणाऱ्या माणसाशी स्वतःला ताडून पाहिलं, की आपण आपोआप कमी पडतो. आणि एकदा कमी पडलो की काही करायचं उरत नाही. ही सोयीची पळवाट आहे. तुमच्याकडे कुणी प्राण मागितलेला नाही. लिफ्टमध्ये उद्या चार माणसं तोंड फिरवतील, एवढंच सोसायचं आहे. ते सोपं नाही, हे मान्य. रोज तोंड दाखवायचं असतं त्यांचीच भीती जास्त वाटते.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत पहिलं नाव अभयाचं आहे आणि शेवटचं निरभिमानाचं. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात प्रवचनं दिली, त्यांत या क्रमाकडे लक्ष वेधलं होतं : पुढे निर्भयता, पाठीशी नम्रता. तुमच्या बाबतीत ही पाठीशी असलेली नम्रता फार कामाची आहे. मावशींच्या आजाराची चर्चा एकदा त्यांच्या माघारी झालीच आहे. आता त्यांची बाजू घेण्याच्या भरात तुम्हीही तेच करू नका. कागद सभेत फडकवायचा की नाही, हे त्या ठरवतील.

बाकी माहिती मात्र बिनदिक्कत सांगा. हा आजार जंतूंमुळे होतो. सरकारी दवाखान्यात औषधं फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात, आणि ती सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून लागण होणं थांबतं. बोट वाकतं ते नसा दुखावल्यामुळे. आजार गेला तरी ते वाकडंच राहू शकतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, तेही २०१९ साली काढलं गेलं. पनवेलजवळच नेऱ्याला शांतिवन आहे, तिथे कुष्ठरुग्णांसाठी वर्षानुवर्षं काम चाललंय. शंका असलेल्या शेजाऱ्याला खुशाल सोबत घेऊन जा.

भीती गेल्यावर बोलेन, असं म्हणत थांबू नका. आवाज कापला तर कापू दे. आधी मावशींना विचारा, मग सचिवांना दोन ओळींचं पत्र द्या : ठरावाला माझी हरकत आहे, पुढच्या सभेत हा विषय पुन्हा घ्यावा. खाली सही आणि फ्लॅटचा नंबर. आणि सभा होईपर्यंत मावशींचा पगार कापू नका.